तांबडी खुडूक बसली

आमच्या घरात कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो. १ लिटर, अर्धा लिटर, पाव्हणे आले त्या दिवशी २. गेली दोन वर्षं त्याच चौकोनात खाली पेन्सिलीनं आणखी एक आकडा असतो, अंड्यांचा. बायको म्हणते, दुधाचं एक ठीक आहे ओ, गवळ्याला पैसे द्यायचे असतात, कोंबड्यांचं कुठलं महिन्याचं बिल यायचंय. पण सवय. उद्यमबागेत फाउंड्रीत २६ वर्षं काढलीत, आज हीट किती, कास्टिंग किती, रिजेक्शन किती हे लिहिल्याशिवाय शिफ्ट संपत नाही, मग परड्यात कोंबड्या आल्यावर हात गप कसा बसणार.

घर बेळगावच्या पश्चिमेला, एकेकाळचं खेडं, आता शहर येऊन चिकटलंय. मागं साडेतीन गुंठ्याचं परडं आहे, त्यात एक फणस, दोन नारळ आणि आईच्या काळातला गोठा, म्हैस गेल्यापासून रिकामाच होता.

सुरवात झाली ती बाजारातल्या अंड्यांवरनं. तिकडं पुण्यामुंबईत गावरान म्हणतात, आमच्याकडं जवारी. जवारी मिरची, जवारी काकडी, जवारी कोंबडी. कानडीतसुद्धा हाच शब्द चालतो, त्यामुळं बाजारात तुम्ही कुठल्याबी भाषेत बोला, जवारी म्हटलं की विकणाऱ्याला कळतं आणि भाव दुप्पट होतो. तर मी एकाकडनं वर्षभर जवारी अंडी घेत होतो, छान तपकिरी रंगाची, आणि घरात सगळ्यांना अभिमानानं सांगत होतो की बघा चव. एक दिवस बारा अंडी पातेल्यात उकडायला ठेवली आणि सहज लक्ष गेलं, बाराच्या बारा एका मापाची, एका रंगाची, एका पॅटर्नवरनं काढल्यासारखी. मी साच्याचा माणूस, मला हे पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. जवारी कोंबडी कधी साच्यातलं अंडं घालत नाही, एक फिकट, एक बदामी, एक बारकं, एक टोकदार, चाळीस ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून कमी. मी जे खात होतो ते तपकिरी लेयरचं, म्हणजे फार्मवर नुसत्या अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबडीचं अंडं होतं. कवचाचा रंग जातीवर जातो, त्याचा आतल्या मालाशी काही संबंध नाही. पांढरं असो नाहीतर तपकिरी, आत प्रोटीन तेच. आणि बलक केशरी दिसतो तो कोंबडीनं काय खाल्लं त्यावर, पाला, मका, गवत. एवढं वाचल्यावर राग आला, आणि रागाच्या भरात ठरवलं की आपणच पाळायच्या.

आता पाळायच्या म्हटल्यावर कुठल्या, हा प्रश्न. आधी मी गेलो आणि साडेचार महिन्यांच्या चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घेऊन आलो, तपकिरी लेयर, हायब्रीड. मग आक्काला फोन केला. आक्का माझी थोरली बहीण, जांबोटीच्या पलीकडं दिलेली, खानापूर तालुका, घराच्या मागं जंगल सुरू होतं. म्हटलं, मला अस्सल जवारी पाहिजेत, तीन तरी. ती तीन घेऊन बशीनं आली, कंडक्टरनं तिन्हीची हाफ तिकिटं फाडली म्हणून चिडलेली होती. दारात पाय ठेवायच्या आधी तिकिटं माझ्या हातात. तांबडी, काळी आणि ठिपकी. सोबत कोंबडा नव्हता, तो नंतर शेजारच्या मावशींकडनं आला, पहाटे साडेतीनला आरवतो म्हणून त्यांच्या घरात भांडणं होत होती.

पहिल्या वर्षाचा माझा हिशोब सांगतो, कॅलेंडर जपून ठेवलंय. चार हायब्रीडनी मिळून १०९६ अंडी दिली. तीन जवारींनी मिळून १७१. हे आकडे मी फाउंड्रीत डबा खाताना सांगितले तेव्हा सगळे हसले, म्हणाले मग जवारी ठेवतोस कशाला, कापून खा की.

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मलाही तसंच वाटत होतं. हायब्रीड म्हणजे काय मशीन आहे ओ. पाचव्या महिन्यात अंड्यावर आली ती आलीच. एक अंडं पोटात तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसते कवच चढायला, म्हणून आज सकाळी नऊला घातलं तर उद्या दहाच्या सुमारास, परवा आणखी उशिरा, असं सरकत सरकत दुपार झाली की एक दिवस खाडा, आणि परत सकाळपासून सुरू. आमच्या हजेरीबुकापेक्षा नियमित. स्वभावानं गरीब, हात पुढं केला की पंख पसरून खाली बसणार. आणि जवारी? तांबडीनं पहिले दीड महिना कुठं अंडी घातली ते मला कळलंच नाही. ती मावशींच्या शेणीच्या उडवीत घालत होती. रात्री खुराड्यात यायची नाही, फणसावर बसायची, पावसात भिजत. काळी आणि ठिपकी अंड्यावर यायलाच आठवा महिना उजाडला, आणि बारा-तेरा अंडी घातली की बंद.

पण मशीन म्हटलं की मेंटेनन्स आला. लेयर कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो, चौघींचे १६०. ५० किलोची तीन पोती आणि वर थोडं. ते पण साधं खाद्य चालत नाही, त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के पाहिजे, शिंपल्याचा चुरा पाहिजे. मी पहिल्या पावसाळ्यात काटकसर म्हणून तांदळाची कणी आणि कोंडा यावर आणलं त्यांना, तर आठ दिवसांत अंडी कागदासारखी मऊ, हातात घेतली की दबायची. एका कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम असतं. वर्षाला २७५ अंडी म्हटलं तर अर्धा किलोच्या वर कॅल्शियम झालं, आणि बाई स्वतः पावणेदोन किलोची. खाण्यातनं मिळालं नाही तर ती हाडातनं काढून देते पण अंडं घालायचं थांबत नाही. हे वाचल्यावर मला जरा कसंतरीच झालं. आमच्याकडं एक ऑपरेटर होता, ताप अंगात घेऊन डबल शिफ्ट करायचा, त्याची आठवण झाली.

जवारी तसं करत नाही. कणी मिळाली कणी, नाही मिळाली तर उकिरडा आहे, वाळवी आहे, फणसाखालचे किडे आहेत. पोट भरलं तर अंडी, नाही भरलं तर नाही. थंडीत दिवस लहान झाला की बंद, पिसं गाळायला लागली की बंद. डिसेंबरात आपल्याकडं दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा असतो, आणि कोंबडीला भरपूर अंडी घालायला चौदा-सोळा तास उजेड लागतो, म्हणून फार्मवाले रात्री बल्ब लावतात. मी पण गोठ्यात एक बल्ब लावला होता, हायब्रीडनी ऐकलं, जवारी तो बल्ब बघून फणसावर आणखी एक फांदी वर चढल्या.

दुसऱ्या वर्षी मार्चात चारपैकी एक हायब्रीड गेली. अंडं अडकलं. दोन दिवस कोपऱ्यात फुगून बसली होती, कोमट पाण्यात बसवलं, तेल लावलं, काही झालं नाही. उरलेल्या तिघींची अंडी तेव्हापासून कमी कमी होत गेली आणि कवचं पातळ. फार्मवर साधारण दीड वर्षाच्या झाल्या की सगळा लॉट विकून टाकतात, का ते तेव्हा कळलं. मी विकल्या नाहीत, पण कॅलेंडरवरचा आकडा रोज बघून मन खट्टू व्हायचं.

त्याच सुमारास आक्का आली. कॅलेंडर बघून म्हणाली, "सात कोंबड्यांची वही केल्यास व्हय रे? आमच्यात पंचवीस हाईत, मी बोटावर मोजते." मी तिला सगळं सांगितलं, १०९६ आणि १७१, खाद्याची पोती, मेलेली कोंबडी, आणि शेवटी म्हणालो की आक्का, तूच बरोबर, जुनं ते सोनं, आता मी सगळ्या जवारीच ठेवणार.

तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "जवारी हे तुमचं शहरातल्यांचं खूळ. मी गिरिराजा पाळतेय गेली पंधरा वर्षं. जवारी माझ्याकडं पाचच हाईत."

मला हे माहीतच नव्हतं. बहिणीकडं जाणं दिवाळीला आणि यात्रेला, जेवायचं, झोपायचं, परत. कोंबड्या बघायला कोण जातंय. मग मे महिन्यात मुद्दाम दोन दिवस जाऊन राहिलो.

गिरिराजा ही आपल्या कर्नाटकातलीच जात, बेंगळुरात हेब्बाळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात तयार केलेली, १९८९ च्या सुमारास लोकांत आली. नंतर २००५ साली स्वर्णधारा आली, तोवर ते कॉलेज बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाकडं गेलं होतं. म्हणजे राज्याच्या त्या टोकाला कोंबडी घडते आणि या टोकाला आक्का ती पाळते. गिरिराजा परड्यात फिरवून वर्षाला १३० ते १५० अंडी, स्वर्णधारा १८० च्या पुढं. आणि हैदराबादच्या केंद्रीय संस्थेची वनराजा, ग्रामप्रिया ह्या पण त्याच बिरादरीतल्या, आमच्याकडं कमी दिसतात इतकंच. ह्या सगळ्या म्हणजे मधला मार्ग. रंगीत पिसं, त्यामुळं पांढऱ्या कोंबडीसारख्या लांबनं चमकत नाहीत, अंगानं भारी, उकिरडा उकरून खातात, आणि नर झाला तर वजनाला चांगला भरतो. आक्काचा हिशोब सरळ आहे. जवारी पन्नास-साठ अंडी देते, गिरिराजा तिच्या दुपटीच्या वर, आणि अंडं मोठं.

"मग त्या पाच जवारी कशाला?" मी विचारलं.

ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. कोपऱ्यात भाताचं पिंजर घातलेली बुट्टी, तिच्यात एक काळी जवारी बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, हात जवळ नेला तर सगळी पिसं फुलवून एवढी मोठी झाली आणि चोच मारली. तिच्याखाली अकरा अंडी, सगळी गिरिराजाची. बुट्टीत एक कोळशाचा तुकडा आणि एक जुना खिळा पण होता, गडगडलं तर अंडी वाया जाऊ नयेत म्हणून. त्याचा उपयोग होतो का असं मी विचारलं नाही, मे महिन्यात जांबोटीकडं वळीव कसा गडगडतो ते बघितलंय मी.

तर गोष्ट अशी आहे. जवारी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. अंगात एक हार्मोन चढतं, प्रोलॅक्टिन, मग तिला खाणं सुचत नाही, अंडी नसली तरी रिकाम्या जागेवर बसते, धोंड्यावर बसते. पोटाची पिसं गळतात म्हणजे ऊब सरळ अंड्याला लागते. २१ दिवस. आणि जितके दिवस ती खुडूक तितके दिवस अंडी बंद, पिल्लं निघाली की आणखी दोन-अडीच महिने बंद. जास्त अंडी पाहिजेत तर हे खुडूक बसणंच घालवायला पाहिजे, आणि लेयरच्या जाती करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून नेमकं तेच केलंय. माझ्या चार हायब्रीड अंडं घालायच्या, उठायच्या, पाणी प्यायला जायच्या. मागं वळून बघणं नाही. मी इतके दिवस १७१ आकड्याकडं रिजेक्शन म्हणून बघत होतो, आणि उरलेले दिवस ती काय करत होती ते माझ्या कॅलेंडरच्या चौकोनात बसतच नव्हतं. आमची आज्जी तर खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकात पीस ओवायची नाहीतर हौदात बुडवायची, अंडी परत लवकर सुरू व्हावीत म्हणून. म्हणजे आज्जीला पण प्रॉडक्शनच पाहिजे होतं.

गिरिराजा क्वचितच नीट बसते, आणि बसली तर वजनानं दोन अंडी फोडते. म्हणून आक्का गिरिराजाची अंडी गोळा करते, जी जवारी खुडूक असेल तिच्याखाली घालते, सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात बघून रिकामी निघालेली काढून टाकते. मशीन नको, लाईट नको. "अंडी पायजेत की कोंबड्या पायजेत, ते आदी ठरव," असं ती मला म्हणाली, "दोन्ही पायजेत तर दोन्ही ठेव. एकीकडनं सगळं मागाय लागलास तर ती मरतेय."

अर्थात पुढच्या पिढीत ती गिरिराजा राहत नाही, हे पण खरं. संकरातनं आलेले गुण पिल्लांत फुटतात, एक आईवर, एक आज्जीवर, एक कुणावरच नाही. आक्काच्या अंगणात म्हणून कोंबड्यांचं संमेलन आहे नुसतं. दोन-तीन वर्षांनी ती नवीन पिल्लं आणते. पण मधल्या काळात आईचं काम जवारीच करते. आकाशात घार फिरायला लागली की तिचा एक वेगळाच आवाज असतो, कर्रर्र करून लांब ओढलेला, तो ऐकला की सगळी पिल्लं, कुणाची का असेनात, करवंदीच्या जाळीत गडप. माझ्या हायब्रीड घार आली तरी मान वाकडी करून वर बघत उभ्या, विमान बघितल्यासारख्या.

जवारीला रोग होत नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी ऐकलं होतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत मानमोडी आली, त्यालाच राणीखेत म्हणतात, मान पिरगाळते, हिरवी हगवण, आणि तीन दिवसांत खुराडं रिकामं. मावशींच्या नऊच्या नऊ गेल्या, सगळ्या अस्सल जवारी. माझ्या वाचल्या कारण हायब्रीड आणल्या तेव्हा लसीबद्दल वाचलं होतं आणि सोबत जवारींनाही टोचून घेतलं होतं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, मग सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बी. अडचण एवढीच की लसीची बाटली शंभर डोसची, आपल्याकडं तेव्हा कोंबड्या सात. फोडल्यावर दोन-तीन तासांत संपवायला पाहिजे. मग आता गल्लीतली सहा घरं मिळून एक बाटली आणतो, थर्मासात बर्फ घालून, आणि रविवारी सकाळी कोंबड्या काखेत मारून सगळे आमच्या गोठ्यापुढं. कानडी, मराठी, दखनी, सगळा गोंधळ असतो, कोंबड्यांसकट.

कडकनाथबद्दल पण विचारतात लोक. काळं मांस, औषधी, वगैरे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, ती जात खरी आहे, चांगली आहे, पण अंड्यासाठी म्हणून पाळणार असाल तर ती जवारीपेक्षा थोडी पुढं, एवढंच, आणि अंडं काळं नसतं, बदामीच असतं. २०१९ ला सांगली-इस्लामपूरकडं कडकनाथच्या नावानं शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते आपण बघितलंय. तो धंदा होता, कोंबडीचा त्यात काय दोष.

आक्काकडच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून मागं गेलो होतो. जंगलातनं कोंबडा आरवल्याचा आवाज आला, पण अर्धाच, तुटक. आक्काचा दीर म्हणाला रानकोंबडा. तिकडं पुढं भीमगडचं अभयारण्य लागतं, त्या सगळ्या पट्ट्यात राखी रानकोंबडा आहे, सह्याद्रीतला आपला. घरच्या कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, तो वेगळा, तो इकडं नसतो. पण २००८ साली जनुकांचा एक अभ्यास आला त्यात असं निघालं की कोंबडीची पिवळी कातडी, पिवळे पाय हे त्या तांबड्याकडनं आलेले नाहीत, ते ह्या राखी रानकोंबड्याकडनं आलेत. म्हणजे कधीतरी, कुठंतरी, दोन वेगळ्या जातींचा संकर झाला आणि तो आज जगभरातल्या पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत आहे, लेगहॉर्नमध्ये पण. माझी तांबडी पिवळ्या पायाचीच. मी बाजारात ज्या पिवळ्या पायावरनं अस्सल जवारी ओळखतो म्हणून शहाणपणा करत होतो, तीच तर हायब्रीडपणाची जुनी खूण निघाली. आमच्या घरात हायब्रीड ही शिवी होती. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित जोंधळा आला, त्याची भाकरी आज्जीला कधी आवडली नाही, त्यावरनं कुठलाबी किडकिडीत पोरगा दिसला की ती म्हणायची हायब्रीड हाय. आणि ती हे वाक्य ज्या मराठीत बोलायची त्यात दर चौथा शब्द कानडी.

आता माझ्याकडं दोन हायब्रीड उरल्यात, तीन जवारी, आणि आक्काकडनं आणलेल्या चार गिरिराजा. रोजची पाच अंडी पुरतात. राखणीला, म्हणजे देवाला द्यायला, कोंबडा मागायला लोक मिरगाच्या आधी येतात, त्यांना मात्र जवारीच लागतो, देवाला गिरिराजा चालत नाही म्हणे.

परवा आक्काचा फोन आला. "माझ्याकडं तेरा अंडी जमल्यात आणि पाचातली एक बी बसंना. तुझी तांबडी काय करूलालीय?"

तांबडी चार दिवसांपासून गोठ्यात एका रिकाम्या खोक्यात बसली होती, खाली एक बटाटा होता.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तिला बुट्टीत घातलं, वरनं पोतं बांधलं आणि स्कूटरवर पायाशी ठेवून निघालो. खुडूक कोंबडी रात्रीच हलवायची असते, अंधारात जागा बदललेली तिला कळत नाही. पिरनवाडी मागं पडली, किणयेच्या पुढं पाऊस लागला, थांबून माझा रेनकोट काढून पोत्यावर टाकला. आतनं मधनंमधनं घुं घुं असा आवाज येत होता, तेवढाच. पोचलो तेव्हा लाईट गेलेली. आक्कानं बॅटरीवर हात धरून उजेड कमी केला, मी तांबडीला अलगद पिंजरावर ठेवलं, ती क्षणभर उभी राहिली, मग चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं. बाराच मावली. तेरावं आक्कानं उचलून पदरात ठेवलं आणि सकाळी माझ्या चहाबरोबर पोळा करून दिला.

घरी येऊन कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात दूध १, अंडी ४ लिहिलं. मग २१ चौकोन पुढं मोजून तिथं एक टिंब ठेवलंय. रविवार येतोय.